नावाची सोयरीक

मुखेड
५ नोव्हेंबर २०२४

चि. ऋतुजास,

आशीर्वाद घे. तुझ्या नवऱ्याला दिलेला न्हाई, त्यातला त्याला वाटून देऊ नको.

फोन सोडून कागद का धरला ते आधी सांगते. मी बोलायला लागले की व्यंकट म्हणतो, "अक्का, रेंज न्हाई." लातूरला त्याच्या क्लासातल्या पोरांच्या आईबापांना रेंज हाय, सख्ख्या बहिणीला न्हाई. कागदाला रेंज लागत न्हाई. चौथीपर्यंत शिकलेला हात हाय. कुठं जोडाक्षर तुटलं तर जोडून घे. तू परदेशी भाषा वाचतीस, माझी वाचायला तुला काय जड जातंय.

काल मालकाच्या मोबाईलवर बारशाची पत्रिका आली. फुगे काय, ससे काय, चांदण्या काय. मधोमध नाव, बोनिता. मालकानं वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, अन् मोबाईल माझ्या हातात देऊन गोठ्याकडं निघून गेले. शेजारची तारामती तव्यावरची भाकर सोडून बघायला आली. म्हणाली, हे लेकराचं नाव हाय का तोंडाला लावायच्या पावडरीचं. मी म्हणलं, माझी भावजय पुण्याला नोकरी करून आलेली हाय, पावडर असली तरी भारीतली असल.

आता मुद्द्याचं. लेकराचं नाव आत्यानं ठेवायचं असतं. पाळण्याजवळ वाकायचं, कानात नाव सांगायचं, अन् मग बायांचे बुक्के पाठीत खायचे. तीन वर्षांमागं सम्राटच्या बारशाला नाव तुम्ही दोघांनी मोबाईलमधून काढलं होतं. माझ्याकडं फक्त वाकायचं काम अन् बुक्के. सव्वा महिना राज्य करून लेकरू गेलं. त्यावर मी बोलत न्हाई. पण आता ही पोरगी आठव्या महिन्यातच आली, काचेच्या पेटीत राहून घरी आली, अन् पुन्हा तुम्ही मोबाईल उघडून बसला. ह्या वेळी मान माझा अन् नाव मोबाईलचं, असं चालणार न्हाई. मानबी माझा, नावबी माझं.

तरी मी आडमुठी बाई न्हाई. पोरीला स्थळ आलं तर आपण काय करतो? कूळ विचारतो, गाव विचारतो, सोयरे-धायरे कोण ते विचारतो. मग जे नाव पोरीला जन्मभर चिकटणार, त्याची चौकशी नको का? ह्या बोनिताचं गाव कुठलं, आईबाप कोण, भाऊबंद कुठं कुठं गेले, घराण्यात कुणी वाया गेलेलं हाय का, सगळं लिही. लपवू नको. सोयरिकीत लपवलेलं मांडवात भाईर येतं.

अन् नावाचा मोठेपणा मला सांगू नको. माझ्या बापानं माझं नाव राजकन्या ठेवलं. आज सकाळी राजकन्येनं दोन म्हशींचं शेण काढलं. गाव मला राजी म्हणतं, अन् जिला माझा राग येतो ती राजडी म्हणती. तसं म्हणणाऱ्या लई हायत.

राजकन्या रामलिंग

*

लातूर
११ नोव्हेंबर

ती. अक्कांना सा. नमस्कार.

तुमचं पत्र आलं. दारात उभी राहूनच वाचलं. पोस्टमन जायला तयार नव्हता, म्हणाला, इतक्या वर्षांत ह्या बिल्डिंगमध्ये हाताने लिहिलेलं पाकीट पहिल्यांदा आलं, आत काय आहे. मी म्हटलं, चौकशी आहे.

ह्यांचा राग धरू नका. क्लासमध्ये परीक्षा चालू आहेत, फोन खरंच उचलता येत नाही.

स्थळाची माहिती मागितलीत, देते. मी पुण्याला कंपनीत असताना स्पॅनिश शिकले, आताही घरी बसून त्याचीच भाषांतरं करते, म्हणून हे कूळ मला थोडंफार माहीत आहे.

मुलीचं गाव स्पेन. पण मूळ घराणं त्याहून जुनं, रोमकडचं, लॅटिन बोलणारं. मूळ पुरुष 'बोनुस', म्हणजे चांगला. त्याचे वंशज पोटासाठी पांगले. इटलीत गेला तो 'बुओनो' झाला. फ्रान्समध्ये गेला त्याचं नाव झिजून 'बाँ' एवढंच उरलं. लहान मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांना 'बाँबाँ' म्हणतात, ती त्याचीच लेकरं, चांगलं-चांगलं. स्पेनमध्ये राहिला तो 'बुएनो'. अर्थ सगळ्यांचा एकच, चांगला.

आता त्या लोकांची एक रीत आहे. एखादी गोष्ट लहान असली किंवा लाडकी असली की तिच्या नावाला 'इतो' किंवा 'इता' असं शेपूट लावतात. घराला 'कासा' म्हणतात, इवल्याशा घराला 'कासिता'. आजी म्हणजे 'आबुएला', लाडाची आजी 'आबुएलिता'. मुलगा असेल तर इतो, मुलगी असेल तर इता. तसंच चांगल्याला शेपूट लागलं आणि बोनितो, बोनिता ही भावंडं झाली. मुळात अर्थ 'थोडंसं चांगलं, छानसं' असा. पुढे लोक 'सुंदर' ह्या अर्थाने म्हणायला लागले.

वाया गेलेलं कुणी आहे का विचारलंत. बोनितो नावाचा एक मासा आहे समुद्रात. तो ह्याच घराण्यातला की नुसता नावाने सारखा, ह्यावर तिथल्या जाणकारांचं एकमत नाही. शेपटाच्या बाजूने एक नातेवाईक मात्र बदनाम आहे. माशीला ते 'मोस्का' म्हणतात आणि छोट्या माशीला 'मोस्कितो'. तो म्हणजे डास.

आणि ह्या घराण्यातला एकजण तुमच्याही घरी येऊन गेलेला आहे. दाजी दिवाळीला कारखान्यातून आणतात तो बोनस. तोही त्या मूळ पुरुषाच्याच नावाचा.

स्थळ पसंत करा, अक्का. नाव तेवढं आमचं राहू द्या. कानात सांगायला तुम्हीच हव्यात.

आपली,
ऋतुजा

*

मुखेड
१६ नोव्हेंबर

चि. ऋतुजास,

चौकशी पोचली. मालकाला वाचून दाखवली. ते बोनसपाशी जे हसायला लागले ते चहा नाकात जाईपर्यंत. म्हणाले, कारखान्याच्या बोनसचा मूळ पुरुष चांगला होता म्हणं, मग हा आमच्याकडं येतो तो त्याचा कोण, मुकादम का? दर दिवाळीला येतो म्हणतो, येत न्हाई, आला तर अर्धाच येतो. असल्या घराण्यातलं नाव तू पोरीला देणार. येईन म्हणून न येणारं.

माशाचं तर विचारूच नको. आमच्या घरात मासा शिजवायचा तर भाईर तीन दगडांची चूल मांडावी लागती, अन् पाळण्यात त्याची बहीण झोपवायची? वर म्हणतीस, जाणकारांचं एकमत न्हाई. जाणकारांचं कधी एकमत असतं का. एकमत झालं तर खातील काय ते.

अन् डास. डासाला लाडानं बारकी माशी म्हणणारे लोक. त्यांना श्रावणात आमच्या ओट्यावर आणून झोपवा. सकाळी उठून काय नाव काढतात ते बघू.

मला एक कळलं ते सांगते. त्या लोकांनी चांगल्याला आधी बारकं केलं, अन् बारकं झाल्यावर त्याला सुंदर म्हणायला लागले. सरळ चांगलं म्हणायला जीभ जड झाली होती काय. बरं, तिकडं लेकरू लहान असलं की नाव लांब करतात. आपल्याकडं नाव तोडतात. व्यंकटचा व्यंक्या, माझी राजी, तारामतीची तारी. रागानं तोडतात अन् मायेनंबी तोडतात, ते ज्याचं त्याला कळतं. तुझं ते शेपटाचं नाव आपल्या मुलखात टिकत न्हाई. आठ दिवसांत बोनी होईल, महिन्यात बोनडी. मग पत्रिकेवरच्या सशांना काय तोंड दाखवशील.

स्थळ मला पसंत न्हाई.

माझं नाव ठरलेलं हाय. पेटीत होती तवाच ठरवलं होतं. दगडी. कुणी विचारलं तर सांग, नणंद अडाणी हाय. त्यात खोटं काय न्हाई. आपल्याकडं दगडू, धोंडू, उकंडा अशी नावं उगं ठेवलेली न्हाईत, तुला सांगायची गरज न्हाई.

पत्रिका बदलून टाक. सशांना ठेवायचं तर ठेव.

राजकन्या रामलिंग

*

लातूर
२३ नोव्हेंबर

ती. अक्कांना सा. न.

सांगायची गरज नाही म्हणालात ते बरोबर आहे. मला चांगलं माहीत आहे.

माझ्या आईच्या गावाला नकुसा नावाची बाई होती. चौथी मुलगी झाली म्हणून बापाने ते नाव ठेवलं होतं. म्हातारी होईपर्यंत लोक तिला भर बाजारात 'नको' म्हणूनच हाक मारायचे. मुलगी म्हणजे गळ्यातला दगड, हे मी लहानपणापासून ऐकत आले. तुमच्याकडून ऐकेन असं वाटलं नव्हतं. तुम्ही स्वतः कुणापुढे न वाकणारी बाई, म्हणून मी माहेरी तुमचं कौतुक सांगत असते.

माझ्या मुलीला कुणी दगड म्हणणार नाही. आत्यानेही नाही.

बारसं २२ डिसेंबरला, रविवारी आहे. पत्रिका सगळीकडे गेल्या आहेत, बदलता येणार नाहीत. नाव शेजारच्या दामिनीताई सांगतील कानात. तुम्ही पाहुण्या म्हणून आलात तर आनंदच आहे.

ऋतुजा

*

मुखेड
२८ नोव्हेंबर

ऋतुजा,

पाहुणी म्हणून मी कुणाच्या दारात जात नसते. भावाच्या तर न्हाईच. तुझ्या दामिनीताईंना वाकू दे. बुक्के खायचे असतात ते तेवढं आधी सांग, न्हाई तर बिचारी पोलिसात जाईल.

पण एक तुझ्या डोक्यात घातल्याबगर मला भाकर गोड लागणार न्हाई. पोरगी झाली म्हणून दगड? पोरगा असता तर दगडू ठेवला असता. तू पुण्याला जाऊन माशाचं कूळ शिकलीस, नवऱ्याचं विचारलं न्हाईस. त्याचं पाळण्यातलं नाव काय, विचार त्याला. क्लासच्या बोर्डावर लिहिण्यासारखं न्हाई म्हणून त्यानं सांगितलं नसल. धोंडू. धोंड्या म्हणायचो आम्ही.

माझ्यानंतर आईची तीन लेकरं गेली. नावं काय एकेक होती, देवादिकांची. मग हा झाला. आईनं कुणाला नीट बघू दिलं न्हाई, अंगावर फाटकं घातलं, अन् धोंडू म्हणून ठेवून दिला. शाळेत घालताना मास्तरनं व्यंकट लिहिलं. तवर तो जगला होता.

चांगल्यावर नजर पडती, चांगलं उचलून नेतात. दगडाकडं कोण बघत न्हाई, म्हणून दगड पडून राहतो. एवढीच अक्कल हाय त्यात. तुला ती अडाणी वाटली, वाटू दे. तुझ्या घरात आता शिकलेली नजर लागत असल.

हे शेवटचं पत्र. कागद महाग झालाय.

राजकन्या

*

लातूर
१३ डिसेंबर

ती. अक्कांना सा. नमस्कार.

इतके दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण आम्ही घरी नव्हतो. तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात बाळाची सर्दी छातीत उतरली. परत तोच दवाखाना, तोच मजला. काचेची पेटी नव्हती एवढंच. आता घरी आणलंय. तुम्हाला कळवलं नाही. मीच ह्यांना म्हटलं, कळवू नका. अक्कांचं पत्र खरं ठरायला नको, असं काहीतरी मनात आलं होतं.

तुम्ही विचारलं होतं, सरळ चांगलं म्हणायला जीभ जड झाली होती काय. तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आता देते.

ती पेटीत होती तेव्हा मला आत जाऊ देत नव्हते. काचेबाहेर उभी राहायचे. डॉक्टर सकाळी बाहेर यायचे, मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे, आणि ते रोज तेवढंच म्हणायचे, "थोडं चांगलं आहे." चांगलं आहे असं एकदाही म्हणाले नाहीत. वाईट आहे असंही नाही. थोडं चांगलं. एका सकाळी ते म्हणून गेले आणि माझ्या तोंडातून आपोआप तो शब्द आला. बोनिता. मग मी काचेला कपाळ टेकून तिला तेच म्हणत राहिले. मराठीत म्हणायची भीती वाटायची. बाकावर बसलेल्या बायका ऐकतील, कसं आहे विचारतील, च् च् करतील. तो शब्द तिथे कुणालाच कळत नव्हता. तिला आणि मला सोडून.

मोबाईलमधून काढलेलं नाव नाही ते, अक्का. आणि सुंदर वगैरे मी तुम्हाला नंतर लिहिलं, पत्रात बरं दिसावं म्हणून.

ह्यांना विचारलं धोंडूचं. आधी हसले. मग बाल्कनीत गेले. आत आल्यावर म्हणाले, रेंज नाही हे खोटं सांगत होतो. सम्राटच्या बारशाला ते पाळण्याच्या अगदी जवळ होते, कानात सांगितलेलं नाव त्यांनी तुमच्या आवाजात ऐकलं होतं. तेव्हापासून फोनवर तुमचा आवाज आला की ते पुढचं काही ऐकतच नाहीत. त्यांना फक्त ते नाव ऐकू येतं. तुमच्यावर राग कधीच नव्हता.

दामिनीताईंना नको म्हणून सांगितलंय. नाव तुम्हीच ठेवा. दगडी तर दगडी, मी अडवणार नाही. पत्रिकेचं मी बघून घेईन.

फक्त या.

ऋतुजा

*

मुखेड
१७ डिसेंबर

चि. ऋतुजास,

येते.

लेकरू दवाखान्यात अन् मला खबर न्हाई, त्याचं आल्यावर बघते. तुमच्या दोघांचंबी.

पाळणा भाड्यानं आणू नको, कुणाचा जुना माग. फुगे कमी कर. लेकराच्या आधी पाळण्यात वरवंटा घालायचा असतो, कुंची घालून, लेकरासारखा. तो बायांनी पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचा असतो. तुझ्या मिक्सरच्या घरात वरवंटा नसणारच, अन् तू मिक्सरचं भांडं पाळण्यात घालशील, तुझा काय भरवसा. माझा घेऊन येते. आईचा हाय. व्यंकटच्या बारशाला हाच होता.

मालक म्हणाले, एसटीत दगड घेऊन कोण जातं. मी म्हणलं, दगड घेऊन मी तुमच्याकडं नांदायला आले तवा न्हाई विचारलं.

राजकन्या रामलिंग

*

लातूर
३० डिसेंबर

ती. अक्कांना सा. नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं दाजींनी कळवलं. कंडक्टरशी परत भांडण झालं म्हणे. येताना दगडावरून झालं ते ठीक, जाताना तर पिशवीत दगड नव्हता, मग कशावरून झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

इथे अजून बारशाचीच चर्चा आहे. तुम्ही दारात आल्या आल्या ह्यांना "धोंड्या, पाणी दे" म्हणालात, तेव्हा क्लासमधले सगळे सर तिथेच बसले होते. आता क्लासमध्ये ह्यांना कुणी व्यंकट सर म्हणत नाही, ह्यांच्या पाठीमागे तरी नाही. मजा म्हणजे हे चिडत नाहीत.

खरं सांगू, मी मनाची तयारी करून बसले होते. वरवंट्याला माझ्याच मुलीची कुंची घातलीत, काजळाची तीट लावलीत, तेव्हा सगळ्या बायका हसत होत्या आणि मी हिला मांडीवर घट्ट धरून बसले होते. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. वरवंटा पाळण्यात ठेवला. आता तो काढतील आणि बाळाला घेतील, असं मला वाटलं. तुम्ही काढलाच नाही. वाकलात, वरवंट्याच्या कुंचीला तोंड लावलंत आणि म्हणालात, "दगडी." एवढ्या मोठ्याने की जिन्यात चपला काढणाऱ्यांनाही ऐकू गेलं. मग तो उचलून पाळण्याखाली फडक्यावर निजवलात, माझ्या मांडीवरून हिला घेतलंत, आणि हिच्या कानाशी इतक्या हळू बोललात की पलीकडे उभ्या असलेल्या दामिनीताईंनाही कळलं नाही. मला कळलं. कूळ विचारणाऱ्या बाईने नाव कसं उच्चारायचं ते कुणाला विचारलं होतं, अक्का? एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. मी काचेला टेकून म्हणायचे, तसंच.

दामिनीताईंनी विचारलं, मग नाव नेमकं कुठलं ठेवलं? तुम्ही त्यांच्याकडे बघून म्हणालात, "दोघी हायत, दोन नावं हायत. शिकलेल्या बायांना मोजता येत न्हाई का?" त्या अजून ते वाक्य सगळ्यांना सांगत आहेत, आणि अर्थ मला विचारत आहेत.

मी त्यांना सांगितलेला नाही.

बुक्के बायकांनी घातले. पण हे पुढे आले, हात उगारला, आणि तो तुमच्या पाठीवर नुसता ठेवून उभे राहिले. तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. "हातात जोर न्हाई का रं," एवढंच म्हणालात. फोटोवाल्याने नेमका तोच फोटो काढलाय. पाठवते.

काल तपासणीला गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे. थोडं म्हणाले नाहीत. मी परत विचारलं, तर परत तेच म्हणाले.

एक राहिलं. वरवंटा तुम्ही इथेच विसरलात. पाळण्याखाली कुंचीतच आहे. कुणाबरोबर पाठवू का?

आपली,
ऋतुजा

*

मुखेड
६ जानेवारी २०२५

चि. ऋतुजास,

आशीर्वाद. ह्या वेळी त्यालाबी दे.

व्यंकटचा फोन आला होता. रेंज होती. पोरीचं रडणं ऐकवलं अन् ठेवला. रडण्यात दम हाय. आत्यावर गेली.

फोटो आला. माझी पाठ एवढी रुंद न्हाई. तुझा फोटोवाला आंधळा हाय. मालकानं मोबाईलवर लावून ठेवलाय, काढा म्हणलं तर ऐकत न्हाईत.

डॉक्टर चांगलं म्हणाला, हे तू आतापर्यंत सगळ्या बिल्डिंगीला सांगून बसली असशील. तुमच्या शिकलेल्यांच्या पोटात काही राहत न्हाई. इथून पुढं कुणी विचारलं तर थोडं चांगलं हाय म्हणायचं. पोरगी शाळेत जाईपर्यंत थोडं चांगलंच म्हणायचं. ते शेपूट त्या लोकांनी उगं लावलं नसल. त्यांच्याकडंबी लेकरं जातच असतील.

कूळ मला अजून पसंत न्हाई. डासाचे सोयरे ते डासाचेच. तारामती रोज येऊन विचारती, नाव काय ठेवलं गं शेवटी. मी दगडी सांगते. तिचं तोंड वाकडं होतं. म्हणती, एवढी शिकलेली भावजय अन् हे नाव. मग मला दुपारची भाकर गोड लागती.

वरवंटा मी विसरले न्हाई, ठेवलाय. पाळण्याखाली राहू दे. नजर येईल ती खालचीला लागू दे, तिचं काही बिघडत न्हाई. हिवाळा हाय, कुंची काढू नको. अन् मिक्सर बिघडला तरी तिच्यानं मिरची वाटू नको. नाव ठेवलेल्या लेकराला तिखटात घालत न्हाईत.

राजकन्या रामलिंग